आता कुणाचा म्हणायचं?

१
करुण नायर. जन्म जोधपूरचा, घरची भाषा मल्याळम, वाढला बेंगळुरूत. आधी कर्नाटकाकडून खेळला, मग विदर्भाकडून. रणजीच्या अंतिम सामन्यात शतक ठोकलं ते केरळविरुद्ध. इतर ठिकाणी ही माहिती सांगितली की लोक बोटं मोजायला लागतात. सीमेवरच्या निपाणीत कुणी चहाच्या कपातून मानही वर करत नाही.

२
१९ डिसेंबर २०१६, चेन्नई. इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३. भारताकडून कसोटीत त्रिशतक करणारा तो दुसराच, पहिला सेहवाग. पुढे ऑस्ट्रेलियाविरुद्ध चार डाव: २६, ०, २३, ५. त्यानंतरची कसोटी मिळायला आठ वर्षं लागली.

३
त्या त्रिशतकाच्या संध्याकाळी बेळगावात तो 'आमचा' होता. कर्नाटकाचा म्हणून आमचा. ज्या गल्ल्यांत १ नोव्हेंबरला, कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा, काळा दिवस पाळतात, त्या गल्ल्यांतसुद्धा.

४
१० डिसेंबर २०२२. कर्नाटकाच्या संघात जागा उरलेली नाही. नायर ट्विटरवर एवढंच लिहितो: प्रिय क्रिकेट, मला आणखी एक संधी दे.
निवड समितीला नाही, थेट क्रिकेटलाच अर्ज. खालच्या टेबलावर काम होत नसेल तर वर लिहावं, ही रीत सीमाभागात जुनी आहे.

५
रणजीचा नियम: प्रत्येक संघाला बाहेरचे तीन खेळाडू घेता येतात. कागदावर ते 'प्रोफेशनल', लोकांच्या तोंडी 'पाहुणे'. मूळ संघटनेची एनओसी लागते. तेवढी मिळाली की माणूस दुसऱ्या राज्याचा.
महाराष्ट्राने दावा सांगितलेली गावं ८६५. त्यांची एनओसी अजून निघालेली नाही.

६
नायरच्या आधी याच वाटेने गणेश सतीश गेला होता. दावणगेरेचा. कर्नाटकाकडून खेळला, २०१४ साली विदर्भात गेला आणि तिथलाच झाला. विदर्भाने लागोपाठ दोन वेळा रणजी जिंकली तेव्हा तो संघात होता. नागपुरात त्याला 'बाहेरचा' म्हणणारं तोवर कुणी शिल्लक नव्हतं. बेळगावात त्याचं नाव काढलं तर चारातल्या तिघांना आठवत नाही. चौथा सांगतो, "चांगला खेळायचा ओ. गेला."

७
वसीम जाफर. मुंबईने काय पाहायचं ते पाहिलं होतं, भारतानेही. २०१५ साली विदर्भात आला, सदतिशीचा होता. मग दुखापत, एक हंगाम वाया. २०१७-१८ला मानधन न घेता खेळला. १ जानेवारी २०१८ला इंदूरमध्ये दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा रणजी जिंकली, विजयी धावा त्याच्याच बॅटमधून. मार्चमध्ये इराणी करंडकात २८६. वय चाळीस.
मुंबईने त्याला जे दिलं ते सगळं दिलं. नागपूरने दिलं ते म्हातारपणी दिलं. माणसाला दुसरं जास्त लक्षात राहतं.

८
श्रीपती खंचनाळे. गाव एकसंबा, तालुका चिक्कोडी, जिल्हा बेळगाव. तालीम कोल्हापूरची, शाहूपुरी. १९५९ साली दिल्लीत पहिले हिंदकेसरी. मूळ गाव कुठल्या राज्यात, हे कोल्हापुरात कुणी त्यांना विचारलं असेल असं वाटत नाही. विचारणाऱ्याला उत्तर कसं मिळालं असतं, याचा अंदाज करता येतो.

९
रात्र. बेळगावातलं सरदार हायस्कूलचं मैदान. टेनिस बॉलची ओपन टुर्नामेंट, दिवे, धुरळा, भज्यांचा वास. एका गल्लीच्या संघाने कोल्हापूरकडचा एक खेळाडू आणला होता. कधीकाळी नाव होतं त्याचं. आता पोट सुटलेलं, उजव्या गुडघ्याला नीकॅप, मिशीत पांढरं.
पहिल्या सामन्यात दोन चेंडू, बाद. दुसऱ्यात कॅच सोडला. बॉल हातातून निसटून पोटावर आपटला, तो आवाज लाईनीवर बसलेल्यांना ऐकू आला. पोरं ओरडली, "ओ मामा, बॉल गिळालायसा काय?" ज्यांनी पैसे मोजून आणला ते गप्प.
तिसऱ्या सामन्यात दोन षटकांत तीस हव्या होत्या. मामा आले. पहिला चेंडू मागे सोडला. दुसरा कव्हरवरून बाहेर. तिसरा गुडघा टेकून, तोच दुखरा गुडघा, लेगला पत्र्यांवर. पत्रा असा वाजला की माईकवाला मराठी, कन्नड आणि हिंदी एकाच वाक्यात बोलला. आणखी एक सिक्स पडला आणि कुणीतरी माईकवरून बक्षीस लावलं, पुढच्या सिक्सला पाचशे रुपये.
संघ हरला, तीन धावांनी.
सामना संपल्यावर पोरांनी मामांना गराडा घातला. सेल्फी. मघाशी ओरडणारा पोरगा सगळ्यांत पुढे. "आमच्याकडनंच खेळा ओ पुढल्या वर्षी." मामा पाणी पीत होते. म्हणाले, "बोलावलंसा तर येतो की."

१०
तीस हव्यात, सव्वीस झाल्या, तर माणूस आपला होतो. तीस झाल्या असत्या तर कप आपला झाला असता. दोन्ही वेगळं.

११
नोव्हेंबर २०१८. बेळगावात रणजी, कर्नाटक विरुद्ध मुंबई. ऑटोनगरच्या मैदानावर मराठी माणसाने कुणाच्या बाजूने बसायचं, हा प्रश्न सकाळी साडेनऊला होता. दुपारी नव्हता. कर्नाटकाकडून मुंबईचे पाच बळी घेतले ते रोनित मोरेने. जन्म बेळगावचा.
त्याच सामन्यात मुंबईच्या शिवम दुबेने कर्नाटकाचे सात घेतले. टाळ्या त्यालाही पडल्या.

१२
६ जून २०१९. तेच मैदान. भारत अ विरुद्ध श्रीलंका अ. महाराष्ट्राचा ऋतुराज गायकवाड, नाबाद १८७, १३६ चेंडूंत.
बेळगावात मराठी माणसाला पाहिजे तेवढं करता येतं, हे सिद्ध झालं. चेंडू पांढरा पाहिजे.

१३
निपाणी कर्नाटकात. निपाणीचं देवचंद कॉलेज अर्जुननगरला, म्हणजे महाराष्ट्रात, तालुका कागल. पोरं सकाळी परराज्यात शिकायला जातात आणि दुपारी जेवायला स्वराज्यात येतात. किंवा उलटं. कॉलेजच्या मैदानावर लॉंग-ऑनला मारलेला सिक्स कुठल्या राज्यात पडतो, यावर पोरांची पैज लागते.

१४
फेब्रुवारी २०२४, नागपूर. रणजीची उपांत्यपूर्व फेरी, विदर्भ विरुद्ध कर्नाटक. नायर ९०, जुन्या संघाविरुद्ध. विदर्भ १२७ धावांनी जिंकला.
दुसऱ्या दिवशी बेळगावच्या रिक्षा स्टँडवर दोन मतं. एक: "बघा, काढलंत त्याला, आता भोगा." दुसरं: "आपल्याच माणसाने आपल्याला हरवावं म्हणजे काय!" दोन्ही मराठीत.

१५
विदर्भाकडून रणजी खेळायच्या त्याच वर्षांत नायर कर्नाटकाच्या महाराजा ट्रॉफीत म्हैसूरचा कर्णधार होता. २०२४ला ती स्पर्धा जिंकलीही. पावसाळ्यात म्हैसूर, हिवाळ्यात नागपूर.
दोन्हीकडे रेशनकार्ड काढलं तर गुन्हा आहे.

१६
महाराजा ट्रॉफीत संघ सहा: बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, गुलबर्गा, मंगळूर, शिमोगा. बेळगावचा नाही. पूर्वी कर्नाटक प्रीमियर लीग होती तेव्हा होता. त्यामुळे बेळगावकराला महाराजा ट्रॉफीत कुणीही आपला धरायची मोकळीक आहे. बरेच जण हुबळी धरतात, जवळ पडतं म्हणून. निपाणीकर इचलकरंजीतली टेनिस बॉलची टुर्नामेंट बघतात. ते आणखी जवळ.

१७
डिसेंबर २०२४ अखेर. बेळगावात १९२४च्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी. गांधीजी अध्यक्ष असलेलं ते एकमेव अधिवेशन. रस्तेभर रोषणाई, चौकाचौकांत कमानी, आणि रोषणाई बघायला आलेल्यांची इतकी गर्दी की गोगटे सर्कल ओलांडायला पुण्य लागत होतं.
त्याच दिवसांत विजयनगरमला विजय हजारे करंडक. नायर बाद व्हायचं नाव घेईना. नाबाद ११२, नाबाद ४४, नाबाद १६३, नाबाद १११. मग ११२ वर कुणीतरी एकदाचं बाद केलं. बाद न होता ५४२ धावा, हा एकदिवसीय सामन्यांच्या 'लिस्ट ए' दर्जातला विक्रम.

१८
अंतिम सामन्याआधी त्याच्या नावावर ७५२ धावा होत्या. सरासरीही ७५२. गणिताच्या मास्तरांनी वर्गात उदाहरण म्हणून घ्यावं असं.

१९
१६ जानेवारी २०२५, उपांत्य सामना. विदर्भाने महाराष्ट्राला हरवलं. नायर ४४ चेंडूंत नाबाद ८८.
१८ जानेवारी, अंतिम सामना. कर्नाटकाने विदर्भाला हरवलं. नायर २७, प्रसिध कृष्णाने त्रिफळा उडवला.
कर्नाटकाने काढलेल्या माणसाने नागपूरच्या संघाकडून पुण्याच्या संघाला हरवलं आणि मग बेंगळुरूच्या संघाने त्याला. हे सगळं बडोद्यात.

२०
निपाणी, बस स्टँडजवळचं हॉटेल. दोन वयस्क, तंबाखू व्यापारातून निवृत्त, समोर एकच पेपर.
"फायनलला कुणाकडनं होता तू?"
"करुण नायरकडनं."
"म्हंजे विदर्भाकडनं."
"विदर्भाशी माझं काय? करुण नायरकडनं."
"मग जिंकलं कोण?"
"कर्नाटक."
"म्हंजे आपण जिंकलो की."
"होय, पण मी हारलो."

२१
थकलेल्या खेळाडूकडे लोक का वळतात, यावर एका जुन्या क्लब-क्रिकेटपटूचं मत. युनियन जिमखान्यावर आयुष्य गेलेला माणूस. म्हणतो, तरुण पोरगा मारतो तेव्हा बघणाऱ्याला वाटतं आपल्याला हे जमलं नसतं. म्हातारा मारतो तेव्हा वाटतं, अजून आपल्याला जमेल.

२२
रणजीचा अंतिम सामना, नागपूर, जामठा. २६ फेब्रुवारी ते २ मार्च २०२५. पहिल्या डावात नायर ८६, धावबाद. दानिश मालेवारबरोबर २१५ची भागी. दुसऱ्या डावात ३१ वर असताना कॅच सुटला, मग १३५. शतक झाल्यावर ग्लोव्ह काढून नऊ बोटं दाखवली. हंगामातलं नववं शतक.
पहिल्या डावाच्या आघाडीवर विदर्भ विजेता. जामठ्याला जमलेले लोक त्याचं नाव घेऊन ओरडत होते. नागपुरी मराठीत. त्याला किती कळलं कोण जाणे, हसत होता.

२३
नऊ बोटं दाखवली तेव्हा बेळगावात एकजण टीव्हीसमोर म्हणाला, "दहावं बोट आमच्या सिलेक्टरांना."

२४
कर्नाटकात डीके दोन होते. एक राजकारणात, दुसरा २०२४पर्यंत सात नंबरवर. दोघेही शेवटच्या षटकांची वाट बघणारे.
सात नंबरवाला दिनेश कार्तिक, तमिळनाडूचा. २०२१ला कॉमेंट्री करत होता, म्हणजे संपला असंच सगळे धरून होते. २०२२ला आरसीबीने साडेपाच कोटींना घेतला. ३३० धावा, स्ट्राईक रेट १८३. त्याच जोरावर परत भारताच्या संघात. पुढच्या वर्षी १४० धावा, लोक म्हणाले आता खरंच संपला. १५ एप्रिल २०२४ला हैदराबादच्या २८७ धावांचा पाठलाग करताना ३५ चेंडूंत ८३. सामना हरला. चिन्नास्वामी स्टेडियम उभं राहिलं.
कावेरीच्या पाण्यावरून याच बेंगळुरूत तमिळनाडूच्या गाड्या जळाल्या होत्या, २०१६ साली.

२५
पुन्हा तेच. हरलेल्या सामन्यातली खेळी. लोक ट्रॉफीमुळे वळत नाहीत असं दिसतं.

२६
गणपत गल्लीत आरसीबीचे लाल टी-शर्ट टांगलेले असतात, मुंबई इंडियन्सचे निळे शेजारीच. पाठीवर १८ आणि ४५. हौशी गिऱ्हाईक दोन्ही घेतं, एक स्वतःला, एक भावाला.
दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड हवं, असा कायदा आहे. टी-शर्टवर किती हवं, त्याबद्दल कायदा काही बोलत नाही.

२७
'ई साला कप नमदे' ही घोषणा बेळगावातलं मराठी पोरगं ज्या स्वच्छ उच्चारात देतं, तसं कन्नड त्याला परीक्षेत आलं असतं तर आईने पेढे वाटले असते.

२८
८ एप्रिल २०२३, वानखेडे. डोंबिवलीत वाढलेला अजिंक्य रहाणे मुंबईविरुद्ध, चेन्नईच्या पिवळ्या कपड्यांत. लिलावात मूळ किमतीला, ५० लाखांना घेतलेला. मोईन अली आजारी पडला म्हणून आयत्या वेळी संघात. २७ चेंडूंत ६१.
त्या दिवसापर्यंत रहाणे म्हटलं की लोक म्हणायचे, सज्जन आहे. खेळाडूबद्दल हे म्हणायला लागले की समजावं, संपत आलाय. दोन आठवड्यांनी कोलकात्यात २९ चेंडूंत नाबाद ७१. जूनमध्ये कसोटी विश्वविजेतेपदाच्या अंतिम सामन्यात, ओव्हलवर, ८९ आणि ४६.
चेन्नईच्या लोकांनी त्याला 'अज्जू' म्हणायला सुरुवात केली. मुंबईचे लोक इतकी वर्षं काय म्हणत होते? अज्जूच. पण जपून.

२९
अमेरिकेतलं एक. बेसबॉल. इचिरो सुझुकी, जपानचा, सिएटलकडून अकरा वर्षं खेळलेला, अडतिशीचा, फॉर्म गेलेला. २३ जुलै २०१२ला सिएटलने त्याला न्यूयॉर्क यांकीजला देऊन टाकला. योगायोग असा की यांकीज त्या दिवशी सिएटलमध्येच खेळत होते. म्हणजे ड्रेसिंग रूम बदलायला मैदानाच्या पलीकडे चालत जायचं. नव्या कपड्यांत फलंदाजीला आला, टोपी काढली, जुन्या प्रेक्षकांना वाकून नमस्कार केला. मग चेंडूला सामोरा गेला.
त्याचा नंबर ५१. यांकीजकडे तो बर्नी विल्यम्सचा होता. इचिरोने मागितला नाही, ३१ घेतला. न्यूयॉर्कच्या लोकांना तो तिथेच अर्धा पटला. उरलेला अर्धा धावांनी पटवला.
आपल्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावर गाड्यांच्या पाट्या बदलतात. नमस्कार कुणी करत नाही.

३०
तीन गोष्टी लोक नव्या माणसाला लगेच माफ करतात: वय, पोट, जुना संघ. एक माफ करत नाहीत: मैदानात हळू पळणं. चेंडू अडला नाही तर चालतं. चेंडूमागे गेला पाहिजे.

३१
१३ एप्रिल २०२५. दिल्लीकडून मुंबई इंडियन्सविरुद्ध नायर, ४० चेंडूंत ८९. बुमराहलाही सोडलं नाही. २०२२ नंतरचा त्याचा हा पहिला आयपीएल सामना. दिल्ली १२ धावांनी हरली.
निपाणीत मुंबई इंडियन्सचे पाठीराखे ढिगाने. त्या रात्री एका घरातला संवाद, भिंतीपलीकडून आलेला:
"आऊट झाला की रं एकदाचा."
"लई वाईट झालं."
"आरं, आपण मुंबईकडनं हाय न्हवं?"
"हाय की. पर लई वाईट झालं."

३२
जून ते ऑगस्ट २०२५, इंग्लंड. आठ वर्षांनी कसोटी. ०, २०, ३१, २६, ४०, १४, ५७, १७. आठ डाव, २०५ धावा. बघणाऱ्याला सगळ्यात छळणारा प्रकार हा. शून्यावर वारंवार गेला तर सोडून देता येतं. हा दर वेळी वीस-तीस करतो, लोकांना जेवणाच्या ताटावरून उठवतो आणि जातो.
पुढच्या मालिकेला नाव नाही. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर म्हणाले, जास्त अपेक्षा होती.
बेळगावात आगरकरांवर जितकी टीका झाली तितकी त्या आठवड्यात महापालिकेच्या पाण्यावर झाली नाही. आणि पाणी आठवड्यातून एकदाच येत होतं.

३३
३ जून २०२५ला आरसीबी अठराव्या वर्षी जिंकली. पंजाब सहा धावांनी हरला. सामनावीर कृणाल पंड्या, दोन बळी. त्या संघात डीके मेंटॉर होता आणि यष्टिरक्षक जितेश शर्मा, अमरावतीचा.
म्हणजे बेंगळुरूचा कप, अमरावतीचे ग्लोव्ह. बेळगाव मध्ये.
दुसऱ्या दिवशी चिन्नास्वामीच्या दारात चेंगराचेंगरी, अकरा माणसं मेली. टी-शर्ट आठवडाभर दुकानाच्या आत ठेवले होते.

३४
२०२५च्या पावसाळ्यात बदल्यांचा मोसम. नायर परत कर्नाटकाकडे, वैयक्तिक कारण. जितेश शर्मा विदर्भ सोडून बडोद्याकडे. पृथ्वी शॉ मुंबई सोडून महाराष्ट्राकडे. जलज सक्सेना केरळ सोडून महाराष्ट्राकडे.
एसटीचं वेळापत्रक याहून कमी वेळा बदलतं.

३५
जलज सक्सेना. मूळ इंदूरचा. अकरा वर्षं मध्य प्रदेश, नऊ वर्षं केरळ, २०२५ला महाराष्ट्र. तेव्हा वय अडतीस. रणजीत सहा हजारांवर धावा, चारशेच्या वर बळी. भारताकडून एकही सामना नाही.
ऑक्टोबर २०२५, महाराष्ट्राचा पहिला सामना, तिरुवनंतपुरमला, केरळविरुद्धच. महाराष्ट्र ५ बाद १८. ऋतुराज ९१, जलज ४९. त्या दोघांनी डाव सावरला.
ज्या राज्यात नऊ वर्षं टाळ्या घेतल्या तिथेच पाहुण्यांची अब्रू राखायची. पुण्याच्या लोकांना त्याचं आडनाव पाठ व्हायच्या आत तो त्यांचा झाला.

३६
ऑक्टोबर २०२५, शिमोगा. कर्नाटक विरुद्ध गोवा. नायर नाबाद १७४. गोव्याकडून गोलंदाजी करत होता अर्जुन तेंडुलकर, मुंबई सोडून गेलेला. पुढच्या सामन्यात केरळविरुद्ध नायर २३३ आणि स्मरण रविचंद्रन नाबाद २२०. हाच स्मरण विजय हजारेच्या अंतिम सामन्यात नायरच्या विदर्भाविरुद्ध शतक काढून गेला होता.
बेळगावात प्रतिक्रिया: "आला की परत." इतकंच. गेला तेव्हाचा राग होता कुठे जो आता काढायचा?

३७
नागपूरची प्रतिक्रिया ऐकायला मिळाली ती रेल्वेत. नागपूरचा एक गृहस्थ, बेळगावला मराठा लाईट इन्फन्ट्रीत असलेल्या मुलाला भेटायला निघालेला. म्हणाला, "आमचा होता न तो. दोनच वर्षं होता, पण आमचा होता. तुम्ही लोकांनी नेलं परत."
'तुम्ही लोक' म्हणजे कोण, ते विचारलं नाही. डब्यातले अर्धे मराठी बोलत होते, अर्धे कन्नड, आणि तो बोट सगळ्यांकडे फिरवून दाखवत होता.

३८
सीमाप्रश्नावर महाजन आयोग नेमला १९६६ला. अहवाल १९६७ला. महाराष्ट्राने तो नाकारला. सर्वोच्च न्यायालयात दावा २००४ला. दावा सुरू झाला तेव्हा नायर बारा वर्षांचा होता. तेवढ्यात तो दोनदा राज्य बदलून आला.

३९
शाळकरी पोराचा प्रश्न, वडगावच्या एका गल्लीत, बॅट खांद्यावर: "काका, करुण नायर आता कुणाचा म्हणायचं?"
काकांनी विचार केला. "आज कुणाकडनं खेळालाय?"
"कर्नाटकाकडनं."
"मग आज त्यांचा. बॅटिंग कर, अंधार पडालाय."

४०
नव्या संघातल्या जुन्या खेळाडूला आपलं म्हणायला लोकांना एक हंगाम पुरतो, कधी एक षटक. निवड समित्यांना, आयोगांना आणि न्यायालयांना जास्त लागतो. त्यांचं काम कठीण असणार. त्यांना धुरळ्यात बसावं लागत नाही, भजी खाता येत नाहीत.

४१
रणजी सामन्याला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं. ऑटोनगरला पुढचा सामना पडला की या. कुणाच्या बाजूने आलात हे गेटवर विचारत नाहीत. टोपी आणि पाण्याची बाटली आणा, ऊन फार असतं.